अभिनयगीत घेताना मुलांचे हात मागे का पडतात?

नाशिकरोडच्या एका खासगी बालवाडीत जूनपासून शिकवू लागलेल्या ताईंनी विचारलं आहे. त्यांच्या वर्गात तीन ते पाच वयाची २८ मुलं आहेत. अभिनयगीत सुरू केलं की निम्मी नुसती बघत बसतात. जी हात हलवतात त्यांचं तोंड बंद होतं, जी गातात त्यांचे हात थांबतात. टीव्हीवर व्हिडिओ लावून पाहिला, तर सगळी खिळून बसली पण जागची हलली नाहीत. एक मुलगा सगळा वेळ वर्गभर पळत असतो. त्यात पालक विचारतात, इंग्लिश राइम्स किती झाल्या? अशा वर्गाला हातवाऱ्यांची गाणी शिकवायची कशी?

ताई, हात चालले की तोंड थांबणं आणि तोंड चाललं की हात थांबणं या वयात व्हायचंच. शब्द आठवायचे, ते चालीवर म्हणायचे, ताईंचे हात बघायचे आणि आपले हात तसे वळवायचे, अशी चार कामं आपण एका दमात मुलांकडून मागतो. आपल्याला ती जमतात, कारण त्यातली दोन-तीन आपल्या अंगवळणी पडलेली असतात. तीन वर्षांच्या मुलाला चारही नवी असतात. म्हणून ते एक काम धरतं आणि बाकीची सोडून देतं. जे हात हलवतं त्यानं हात धरले आहेत, जे गातं त्यानं शब्द धरले आहेत आणि जे नुसतं बघतं त्यानं तुम्हाला धरलं आहे. तिघंही शिकत आहेत.

मी पंचवटीत पुष्कळ वर्षं बालवाडी चालवली. आता निफाड, दिंडोरी, पेठ भागातल्या अंगणवाडी सेविकांबरोबर काम करते. सगळीकडे मी आग्रहानं एकच गोष्ट सांगते: अभिनयगीताचा वेग मुलांच्या हातांनी ठरवायचा. आपण तो चालीवरून ठरवतो, नाहीतर मोबाइलवर ऐकलेल्या गाण्यावरून, आणि मुलांनी धावत येऊन त्याला गाठावं अशी अपेक्षा करतो.

पण 'हळू गा' एवढ्यानं भागत नाही. लहान मुलांना संथ ठेका आवडत नाही. त्यांना मनासारख्या टाळ्या वाजवू द्या, ती आपल्यापेक्षा जलद वाजवतील, चालतातही तुरुतुरु. गाणं ओढून ताणून म्हटलं की त्यांचा श्वास पुरत नाही आणि लक्ष उडतं. त्यांना वेळ लागतो तो एका हालचालीवरून दुसरीवर जायला. टाळी, टाळी, टाळी, टाळी हे सोपं. टाळी आणि लगेच डोक्यावर हात, हे अवघड. तेव्हा ठेका खेळता ठेवा आणि हालचाली कमी करा. एका ओळीला एक कृती, तीच तीन-चार वेळा. ओळ संपली की क्षणभर थांबा, सगळ्यांचे हात पुढच्या जागी पोचू द्या. तो थांबा ठेक्यातच बसवता येतो. तेवढ्यात मांडीवर दोन थापा मारल्या की गाणं तुटल्यासारखं वाटत नाही.

पुष्कळ अभिनयगीतं अशी बसवलेली असतात की दर शब्दाला वेगळी मुद्रा. झाडावर चिमणी बसली, एवढंच सांगायचं असेल तर झाड वेगळं, चिमणी वेगळी आणि बसणं वेगळं. सात वर्षांच्या मुलांना त्यात मौज येते. तीन वर्षांचं मूल मात्र हात वर करून झाडच धरून बसतं आणि गाणं तोवर पुढच्या फांदीवर गेलेलं असतं. अशा ओळीला मी फक्त चिमणी ठेवते. आणखी एक: तुमचा हात शब्दाच्या किंचित आधी हलला पाहिजे. शब्द आणि हात एकाच वेळी आले तर मुलाला बघून करायला उशीर होतोच. हात आधी दिसला तर शब्द येईपर्यंत त्याचाही हात उचललेला असतो. बहुतेक ताई याच्या उलट करतात, कारण आपल्यालाही गाणं तोंडानं आठवत असतं. आरशासमोर दोन-तीनदा करून पाहा, लगेच कळेल.

हातांचंही थोडं समजून घ्या, म्हणजे कोणत्या मुलाकडून काय मागायचं ते ठरवता येईल. मुलाचा ताबा खांद्याकडून बोटांकडे येतो. हात वर, हात पसरून, मांडीवर थापा, टाळ्या, पाय आपटणं, या मोठ्या हालचाली तीन वर्षांच्या मुलाला येतात, आणि दोन्ही हातांनी एकसारखं करायचं असेल तर जास्तच सहज. एका हाताची मूठ आणि दुसऱ्याचा पंजा, मग अदलाबदल, हे पाच-सहा वर्षांशिवाय नीट होत नाही. उजव्या हातानं डावा खांदा धरा म्हटलं की लहान मुलं पुष्कळदा जवळचाच खांदा धरतात. हात शरीराच्या मध्यावरून पलीकडे नेणं त्यांना अजून अवघड असतं. तिथे दुरुस्ती करत बसू नका.

बोटांचा विषय त्याहून नाजूक. तर्जनी सगळ्यांना येते, कारण वर्षाचं बाळसुद्धा बोट दाखवून हवं ते मागतं. दोन बोटं दाखवताना तीन वर्षांचं मूल दुसऱ्या हातानं बाकीची बोटं दाबून धरतं, धरू द्या. अनामिका एकटी उभी करायला सांगू नका. पंजा टेबलावर ठेवा, मधलं बोट आत मुडपा आणि अनामिका उचलून पाहा, तुम्हालाही ती नीट उचलता येणार नाही. तिचे स्नायुबंध शेजारच्या बोटांशी जोडलेले असतात. म्हणून पाच बोटांची मोजणी असलेल्या गाण्यात एकेक बोट दुसऱ्या हातानं मिटायची मुभा द्या. मूल ते बोट हातात धरतं, तेव्हा 'एक कमी झालं' हे त्याला स्पर्शानंही कळतं. अंगठ्यानं बोटांची पेरं मोजणं ही आपली जुनी पद्धत सुंदर आहे, पण ती पहिली-दुसरीच्या मुलांसाठी ठेवा.

तुमच्या वर्गात तीन ते पाच अशी मिसळ आहे, तर गाणं एकच ठेवा आणि कृतीचे दोन आकार करा. पाऊस दाखवायचा तर लहानग्यांनी दोन्ही हात वरून खाली आणायचे, मोठ्यांनी येता येता बोटंही नाचवायची. कुणाला वेगळं सांगायची गरज पडत नाही. तुम्ही दोन्ही करून दाखवा, प्रत्येक मूल आपल्याला झेपेल ते उचलतं. मोठ्यांना लहानांच्या अधेमधे बसवा. तीन वर्षांचं मूल ताईंपेक्षा शेजारच्या साडेचार वर्षांच्या ताईदादाकडे बघून लवकर शिकतं.

सुरुवात कोणत्या गाण्यानं करायची? माझा क्रम ठरलेला आहे. आधी स्पर्शाची गाणी, मग ठेक्याची, मग चित्र दाखवणारी. स्पर्शाची म्हणजे नाक, कान, गुडघा, पोट यांना हात लावायची. तिथे हात कुठे न्यायचा हे मुलाला अंगावरच सापडतं. ठेक्याची म्हणजे टाळी, थाप, पाय. आणि चित्राची म्हणजे हातानं मासा, चंद्र, होडी करायची. त्यात मुलाला हाताऐवजी दुसरंच काही मनात बघावं लागतं, म्हणून ती शेवटी. आपल्या घरांतल्या आज्यांनी हा क्रम कधीच पाळला आहे. बाळाच्या तळहातावर बोट टेकवून मोराला बसायला बोलवायचं आणि चारा-पाणी झालं की भुर्रकन उडवायचं, करंगळीपासून निघून मनगट, कोपर, खांदा करत कपाळापर्यंत जायचं, ही सगळी स्पर्शाची गाणी. त्यात आधी मोठं माणूस करतं आणि बाळ फक्त घेतं. मग एक दिवस बाळ स्वतःच तळहात पुढे करतं. जर्मनीत बालवाडीची कल्पना मांडणाऱ्या फ्रीडरिक फ्रोबेल यांनी १८४४ मध्ये आईनं बाळाशी खेळायच्या अशाच गाण्यांचं पुस्तक काढलं, त्यात गाण्यांबरोबर हातांची चित्रं होती. बालवाडीतली बोटांची गाणी जगभर पसरली त्यामागे त्या पुस्तकाचा मोठा हात आहे. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे कोसबाडला नेलं, तेव्हा शिकवायचं साहित्य मुलांच्या परिसरातूनच उचललं. गाण्यांनाही हेच लागू आहे. मुलानं जे पाहिलं आहे त्याचा हातवारा त्याला शिकवावा लागत नाही.

म्हणून नाशिकच्या मुलांसाठी मी एक गाणं बसवलं आहे. पावसाळ्यात आपल्याकडे प्रत्येक घरी विचारतात, दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं? गोदाघाटावरच्या त्या मूर्तीवरून अख्खं शहर पूर मोजतं: पावलांना लागलं, गुडघ्याला आलं, कमरेला आलं. मुलांनी हे ऐकलेलं असतं, काहींनी बापाच्या खांद्यावर बसून पाहिलेलंही असतं. अंगाचे भाग ओळीनं शिकवायला याहून चांगलं काय मिळणार? (गोदावरीला आपण नाशिककर गंगाच म्हणतो.)

गंगेला आला पूर, पूर, पूर
मारुती बघतो दूर, दूर, दूर
पावलाला पाणी, थप थप थप
गुडघ्याला पाणी, थप थप थप
कमरेला पाणी, थप थप थप
बास गं गंगे, आता तू थांब!
गेलं गं पाणी लांब, लांब, लांब

'पूर'ला दोन्ही हात एकत्र डावी-उजवीकडे, तीनदा. 'दूर'ला कपाळावर आडवा हात, मान एकदा इकडे, एकदा तिकडे. पुढच्या तीन ओळींत दोन्ही हातांनी त्या त्या जागी थापा. 'थांब'ला दोन्ही तळहात समोर, आणि इथे खरोखर थांबायचं. 'लांब'ला हात खाली नेत नेत सगळ्यांनी मांडी घालून बसायचं. पाहा, सात ओळींत पाचच कृती आहेत, सगळ्या दोन्ही हातांच्या किंवा फार सोप्या, आणि थापा खालून वर चढत जातात. पुढची जागा कोणती हे मुलाला आधीच कळलेलं असतं. उभं राहून सुरू होतं आणि बसून संपतं, त्यामुळे गोष्ट सांगायच्या आधी घेता येतं.

शिकवताना पहिल्या दिवशी कुणालाही 'करा' म्हणू नका. तुम्ही एकट्या दोनदा म्हणा, हातांसकट, पूर्ण मनापासून. बघणं हेच त्या दिवशी त्यांचं काम. दुसऱ्या दिवशी गाणं न म्हणता फक्त हात करा, मुलं आपोआप मागोमाग करतात, आणि शब्द नसल्यामुळे सगळं लक्ष हातांवर राहतं. मग तुम्ही गा आणि मुलांना फक्त 'थप थप थप' म्हणू द्या. तेवढे तीन शब्द तोंडात आणि तीच कृती हातात, दोन्ही एकदम जुळतात, कारण शब्द आणि हात एकाच ठेक्यावर पडतात. त्यानंतर वर्गाचे दोन भाग करा. १४ मुलांनी गायचं, १४ मुलांनी हात करायचे, मग अदलाबदल. तुमच्या प्रश्नाला हाच सर्वांत उपयोगी उपाय आहे. तोंड आणि हात एकाच मुलात भांडत होते, ते तुम्ही दोन मुलांत वाटून दिले. आठवडाभरात गाणारे गाता गाता हात हलवू लागतील. कधी होतंय याची वाट बघा, सांगू नका.

गाणं पक्कं झाल्यावर त्याची खरी गोडी सुरू होते. 'गुडघ्याला' हा शब्द गाळा, नुसती थाप मारा. मग 'कमरेला'ही गाळा. मुलांनी तो शब्द मनात म्हणायचा आणि पुढचा शब्द वेळेवर पकडायचा. तोंडाशी आलेला शब्द आवरणं हा या वयात मोठा व्यायाम आहे आणि मुलं त्यात रंगून जातात. कधी पूर गुडघ्यावरून एकदम कमरेवर न नेता परत पावलांवर आणा. जी मुलं ऐकून करत होती ती बरोबर येतात, जी सवयीनं करत होती ती दचकतात आणि पुन्हा ऐकू लागतात. एक गाणं असं आठ-दहा दिवस फिरवा. दर आठवड्याला तीन नवी गाणी घेणाऱ्या वर्गात मुलांना एकही पुरतं येत नाही, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये मोठा पूर येऊन गेल्यानंतर नदीकाठच्या वस्तीतल्या मुलांबरोबर हे गाणं घ्यावं की नाही, असा मला प्रश्न पडला होता. काहींच्या घरात पाणी शिरलेलं. मी आधी त्यांच्या आयांशी बोलले, मग घेतलं. एका मुलीनं कमरेपाशी थांबायला नकार दिला. 'आमच्या इथं इथपर्यंत आलेलं,' म्हणत तिनं छातीवर थापा मारल्या. मग आम्ही सगळ्यांनी छातीला पाणी आणलं, आणि 'थांब' म्हणायचं काम तिला दिलं. पाणी थांबवणारे हात मुलांचे स्वतःचे आहेत, म्हणून हे गाणं भीतीचं होत नाही. तरी तुमच्या वर्गात असं मूल असेल तर आधी घरच्यांना विचारा.

मुलांनी आणलेला हातवारा नेहमी घ्या. पाऊस कसा दाखवायचा, असं मी एकदा त्र्यंबकच्या बाजूच्या एका अंगणवाडीत विचारलं. माझ्या मनात बोटं नाचवत खाली आणायची होती. एका मुलानं पाठ वाकवली आणि दोन्ही हात डोक्यामागून पुढे ओढून घेतले. त्यानं इरलं पांघरलं होतं, पावसात शेतात काम करताना डोक्या-पाठीवर घेतात ते. तिथला पाऊस असाच असतो, थेंब मोजत बसण्याचा नसतो. निफाडकडे द्राक्षांच्या हंगामात मुलं घड तोडायचा हातवारा करताना एक हात खाली धरतात, झेलायला, आणि दुसऱ्यानं कात्री चालवतात. दोन हातांची दोन कामं आहेत, म्हणजे माझ्याच नियमानुसार अवघड, तरी बागेत वाढलेली चार वर्षांची मुलं ती सहज करतात, कारण रोज बघतात. नियम वापरा, पण समोरच्या मुलाकडे बघून.

आता सुराकडे वळते, कारण याकडे फार थोड्यांचं लक्ष असतं. आपण बायका आपल्या सोयीच्या खालच्या सुरात गातो, मुलांना तिथे आवाजच नसतो. मग ती गुणगुणतात, पुटपुटतात किंवा बोलल्यासारखं म्हणतात, आणि आपल्याला वाटतं मुलं बेसूर आहेत. हार्मोनियम असेल तर पांढरी दोनवर सा धरा आणि चाल सा ते प एवढ्यातच ठेवा. तीन-चार वर्षांच्या मुलांचा गळा तिथे मोकळा असतो. पेटी नसेल तर मोबाइलवर तानपुऱ्याचं अ‍ॅप असतं, त्यात 'डी' लावा. चाल साधी हवी, तीन-चार सूर पुरेत. आणि 'मोठ्यानं म्हणा' हे वाक्य वर्गातून काढून टाका. ते ऐकलं की मुलं ओरडतात, सूर जातो, पाठोपाठ हातही बेताल होतात.

बसण्याची मांडणी अर्धवर्तुळाची करा, प्रत्येकाला हात पसरता येतील एवढं अंतर ठेवून. पूर्ण गोल केला तर तुमच्या शेजारच्या मुलांना तुमचे हात दिसत नाहीत. २८ मुलं एका रांगेत मावत नसतील तर दोन रांगा, मागची मुलं पुढच्यांच्या मधल्या फटींत. तुम्ही समोर उभ्या असता तेव्हा मुलं आरशात बघितल्यासारखं करतात. तुमचा उजवा हात वर गेला की त्यांचा डावा जातो. लहान वर्गात उजवं-डावं आणूच नका. मोठ्या गटाला शिकवायचं असेल तर तोंडानं 'उजवा' म्हणा आणि स्वतःचा डावा उचला. याला सराव लागतो, पण पाठ फिरवून शिकवण्यापेक्षा हे बरं. मुलांना तुमचा चेहरा दिसायलाच हवा.

नुसत्या बघणाऱ्या मुलांचे हात धरून हलवू नका. एवढी एक गोष्ट मात्र हात जोडून सांगते. त्यांच्या आईला विचारा; पुष्कळदा उत्तर मिळतं की घरी आल्यावर सगळं गाणं करून दाखवतो, आजोबांनाही करायला लावतो. अशा मुलाला वर्गात हात उचलायला कधी महिना लागतो, कधी दिवाळी उलटते. काही मुलांची घरची भाषा वेगळी असते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत उत्तर भारतातून आलेल्या कामगारांची मुलं आहेत, सटाणा-मालेगावकडची अहिराणी बोलणारी आहेत, पेठ-सुरगाण्याची कोकणा बोलणारी आहेत. त्यांना मराठी शब्दाचा अर्थ तुमच्या हातातून कळतो, म्हणून त्यांच्यासाठी हातवारा नेमका हवा. 'गुडघा' म्हणताना हात गुडघ्यावरच पडला पाहिजे, हवेत नाही. त्यांच्या घरी गुडघ्याला काय म्हणतात ते विचारा आणि एकदा तो शब्द घालून गाणं म्हणा. त्या दिवशी ते मूल वर्गाला शिकवतं.

एका मुलाकडे मात्र बारीक लक्ष ठेवा: जो बघून सगळं बरोबर करतो, पण तुम्ही मागे उभ्या राहून गायलात तर हलत नाही. दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी तसं दिसलं तर पालकांना विश्वासात घेऊन कान तपासायला सांगा. अंगणवाडीतल्या मुलांची राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात वर्षातून दोनदा तपासणी होते. तुमची बालवाडी खासगी आहे, तेव्हा पालकांना जिल्हा रुग्णालयात किंवा त्यांच्या बालरोगतज्ज्ञांकडे पाठवा. हात एकाच बाजूचा चालतो, किंवा वर्ष उलटूनही टाळी जुळत नाही, हेही सांगण्यासारखं. निदान आपण करायचं नाही, पण आपल्याला जे रोज दिसतं ते डॉक्टरांना दिसत नाही.

व्हिडिओबद्दल माझं मत पक्कं आहे: वर्गात नको. पडद्यावरची ताई थांबत नाही. मुलाचा हात मागे पडला हे तिला दिसत नाही, त्यानं इरलं केलं ते तिला कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं की दोन ते चार वयाच्या मुलांनी दिवसाला एक तासापेक्षा जास्त वेळ पडद्यासमोर बसू नये, कमी बसलं तर जास्त चांगलं. तो तास बहुतेक घरांत जेवण भरवतानाच संपलेला असतो. तुम्ही स्वतः घरी व्हिडिओ बघा, चाल उचला, कृती कमी करा आणि वर्गात तुमच्या आवाजात घ्या. तुमचा आवाज गोड आहे की नाही याची मुलांना पर्वा नसते, तुम्ही त्यांच्याकडे बघून गाता की नाही याची असते.

स्नेहसंमेलन जवळ आलं की हीच गाणी नाच म्हणून बसवायचा मोह होतो. रांगा, एकसारखे कपडे, एकसारखे हात, मोठे स्पीकर. त्यात मुलांचं गाणंच बंद होतं, कारण आवाज स्पीकरचा असतो. पालकांना दाखवायचंच असेल तर एका शनिवारी त्यांना वर्गात बोलवा, जमिनीवर बसवा आणि मुलांसमोर त्यांनाच 'थप थप थप' करायला लावा. इंग्लिश राइम्सचा प्रश्नही तिथेच निम्मा सुटतो, कारण आपलं मूल एका वेळी किती गोष्टी करतंय हे ते स्वतः करून बघतात. राइम्सना माझा विरोध नाही. वर्षाला चार-पाच घ्या, पण ज्यांचा प्रत्येक शब्द मूल हातानं दाखवू शकेल अशाच. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा मानला आहे, खेळातून शिकण्यावर आणि घरच्या भाषेवर भर दिला आहे. मुख्याध्यापकांनी विचारलं तर हे सांगायला हरकत नाही.

राहिला तुमचा पळणारा मुलगा. त्याला 'हाताची घडी, तोंडावर बोट' करून बसवू नका; अभिनयगीताच्या तासाला तर नाहीच, तिथे हात आणि तोंड हीच साधनं आहेत. त्याला गंगा करा. बाकीचे 'पूर, पूर, पूर' म्हणत असताना त्यानं अर्धवर्तुळाच्या मागून पळायचं, थापांच्या ओळी चालू असतानाही पळत राहायचं आणि 'थांब'ला जिथे असेल तिथे उभं राहायचं. पहिले काही दिवस तो दोन पावलं पुढे जाऊन थांबेल. तेवढा वेळ तळहात समोर धरून सगळ्यांना वाट बघू द्या. तो उभा राहिला की लगेच 'लांब, लांब, लांब' म्हणा आणि त्याच्यासकट सगळे खाली बसा. मग गंगेचं काम दुसऱ्या मुलाला द्या, आणि तिला थांबवायचं काम त्याला.